मक्याचा दाणा आणि म्हशीचे पोट



या वेळचा अभ्यास वैरणीवर आहे. या पानावर दर तिमाहीला आरोग्य, शाळा, बचत गट असे विषय येतात. जनावराच्या पोटाविषयी मात्र आपण कधी बसून बोललो नाही. बोलायला हवे होते, आणि थोडे आधी बोलायला हवे होते. त्याचे कारण प्रथम सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला, गवत कुजले, रचून ठेवलेल्या गंज्या वाहून गेल्या. माणसांना छावणीत भात-आमटी मिळाली, पण जनावरांना घालायला काहीच नव्हते. तुम्ही मोठ्या मनाने पाठवलेल्या देणगीतून आम्ही माणसांसाठी धान्य घेतले आणि जनावरांसाठी मक्याचा भरडा घेतला. पन्नास-पन्नास किलोंची पोती. त्यातली काही राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरही पोचवली. तिथे पूर नव्हता, पण रस्ता खचला होता आणि खालून वैरण वर जात नव्हती. शेवटचा चढ पोती डोक्यावर घेऊनच चढलो. त्या दिवशीचा आमचा आनंद काय सांगावा! पण पोत्याबरोबर एक गोष्ट द्यायची राहून गेली. ते खायला कसे घालायचे, हे आम्ही कोणालाच सांगितले नाही. खरे तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. एका विधवा मावशींची म्हैस रात्री दावे तोडून ओसरीवरच्या पोत्याला लागली होती. निम्म्याहून अधिक पोते रिकामे. "सर, म्हस उठंना झालीया. पोट बघा कसं तटाटलंया," एवढेच मावशी बोलल्या. आम्ही पोचलो तेव्हा म्हैस मान टाकून बसली होती. डावी कूस भरलेली, दाबली तर मळलेल्या कणकेसारखी लागत होती. रवंथ बंद. शेण पातळ आणि आंबूस वासाचे. डोळे खोल गेलेले. पशुवैद्यक डॉक्टर पायी चढून आले, त्यांनी सलाईन लावले, जे करता येईल ते सारे केले. दुसऱ्या दिवशी म्हैस गेली. त्या घरात तेवढीच एक दुभती म्हैस होती. दुधाचे पैसे, लोणी, पोरीच्या शाळेचा खर्च, सगळे तिच्यावर.

मावशींनी आम्हाला दोष दिला नाही. उलट, "तुमी चांगल्यासाटनंच आनलासा," असे म्हणाल्या. म्हणून तर ते अधिक लागले.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी जे समजावून सांगितले तोच आजच्या अभ्यासाचा गाभा आहे. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे शिकलो, जिथे पुन्हा चुकलो, तेही त्यात घालतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही गोठा आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांच्या देणगीतून दुसऱ्याच्या गोठ्यात काहीतरी जात असते. म्हणून दोघांनीही वाचावे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला, रोमंथिका, सर्वांत मोठा. मोठ्या म्हशीत तो शंभर लिटरच्या पुढे जातो. हा कप्पा म्हणजे आंबवण्याचा रांजण समजा. म्हैस स्वतः गवत पचवत नाही. त्या रांजणात राहणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव गवत पचवतात आणि म्हैस त्यांच्या कष्टावर जगते. गवताचे, पिंजराचे तंतू फोडणारे जीवाणू वेगळे, दाण्यातले पिष्ट फोडणारे वेगळे. जनावर बारा महिने गवत-पिंजर खात असेल तर पहिल्या जातीची वस्ती दाट असते आणि दुसरी विरळ. तिथे एका रात्रीत वीस-पंचवीस किलो दळलेला मका पडला की पिष्ट खाणारे जीवाणू भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि गवत पचवणारे त्या आम्लात मरतात. आम्ल इतके तीव्र होते की ते रक्तातले पाणी पोटात ओढून घेते. म्हणून पोट भरलेले आणि डोळे मात्र खोल गेलेले, असे उलटे चित्र दिसते. दह्याचे विरजण वाजवीपेक्षा जास्त लावले आणि भांडे उन्हात ठेवले तर काय होते, ते घरातल्या बायकांना सांगावे लागत नाही. तसेच काहीसे.

भरडा जितका बारीक तितका धोका लवकर. आणि भुकेल्या जनावराला अधिक, कारण ते थांबत नाही. पुराच्या आठवड्यात वाड्यावरची सगळीच जनावरे अर्धपोटी होती.

आता कोणी म्हणेल, मग मका नकोच. तसे नाही. मक्याच्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के पिष्ट असते, म्हणजे ताकद भरपूर. व्यालेल्या म्हशीला, वाढत्या रेडकाला, नांगराच्या बैलाला ती ताकद लागते. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये अशी आज्ञा अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. कष्ट करणाऱ्या जनावराला दाण्याचा वाटा मिळावा, हे त्यामागचे म्हणणे. (जाता जाता: जुन्या इंग्रजी बायबलमध्ये 'कॉर्न' हा शब्द जागोजागी येतो, म्हणून काही तरुण मंडळींना योसेफाने मिसरच्या कोठारांत मका भरला होता असे वाटते. तिथे त्या शब्दाचा अर्थ फक्त धान्य. मका मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या नंतर तो इकडे आला. आपल्या मराठी बायबलात 'धान्य' असाच शब्द आहे आणि तो बरोबर आहे.)

तर मका द्यावा, पण सवय लावून. आम्ही आता वाड्यांवर हीच रीत सांगतो: पहिले चार दिवस पाव किलो भरडा, तोही पेंड-भुशात मिसळून आणि आधी सुकी वैरण खाल्ल्यावर. मग दर चार दिवसांनी पाव किलो वाढवायचा. दीड किलोपर्यंत जायला साडेतीन आठवडे लागतात. घाई करायची नाही. दिवसाचा भरडा एका वेळी न घालता सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वाटून घालायचा. मध्ये आठ दिवस खंड पडला तर पुन्हा पाव किलोपासून सुरुवात. घरी आंबोण करायचे असेल तर शंभर किलोंत मका भरडा ३५, पेंड ३०, कोंडा-भुसा आणि चुणी मिळून ३२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो, असे ढोबळ प्रमाण धरावे. आणि पोते? ते दाराआड, कडी लावून. हे वाक्य वाचून हसू नका. आमच्या मावशींची म्हैस ओसरीवरच्या पोत्याने गेली.

कधी असा प्रसंग आलाच तर पहिल्या दोन-तीन तासांना फार किंमत आहे. लक्षणे दिसायची वाट पाहू नका. उरलेला दाणा लगेच काढून घ्या, दाणा खाल्लेल्या जनावराला भरपूर पाणी पाजू नका, सुकी वैरण पुढे ठेवा, आणि डॉक्टरांना किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकाला फोन करून किती दाणा, किती वाजता खाल्ला ते सांगा. खाण्याचा सोडा पाजायला सांगतील, पण किती पाजायचा ते जनावराच्या वजनावर ठरते. ते त्यांनाच विचारावे. तेल, ताक, चिंचेचे पाणी यांचा मारा करू नये. त्यातल्या आंबट गोष्टी तर आगीत तेल ठरतात.

मध्यंतरी परदेशातल्या एका हितचिंतकांनी आम्हाला एक पुस्तिका पाठवली. तिकडच्या शेतकऱ्यांनी मांसाची गुरे मक्यावर कशी पोसावीत, याची. तुम्हीही तुमच्या आदिवासी बांधवांसाठी असे काही सुरू करा, खर्च आम्ही देऊ, असे पत्रात होते. सद्हेतूने लिहिले होते, म्हणून पुस्तिका मन लावून वाचली. अमेरिकेच्या मध्यभागी, आयोवा-नेब्रास्काकडे, मका आणि गुरे यांची जोडी जुनी. वासरू कुरणात वाढवायचे आणि शेवटचे चार-सहा महिने गोठ्याच्या आवारात मक्यावर ठेवायचे. दिवसाला दीड किलोपर्यंत वजन चढते. पण एक किलो वजनासाठी सहा किलोंच्या आसपास सुके खाद्य जाते, हेही त्यातच आहे. आपल्या वाड्यावर नाचणी मोजून खातात, तिथे हे गणित बसत नाही. शिवाय आपल्या राज्याचा कायदा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलही त्यात आले. म्हैसवर्ग त्या बंदीत येत नाही. हे सारे त्या बंधूंना कळवले आणि त्यांचे आभार मानले.

तरी त्या पुस्तिकेतल्या दोन गोष्टी आमच्या उपयोगी पडल्या. एक म्हणजे तिकडेही गुरे मक्यावर आणताना तीन आठवड्यांची सवय लावतात, नाहीतर तीच आम्लाची व्याधी होते. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आणि नेब्रास्काच्या शेतकऱ्याचे म्हणणे एकच निघाले. दुसरी गमतीची. जुन्या काळी तिकडे अख्खा मका खाणाऱ्या गुरांच्या मागे डुकरे सोडत, कारण शेणात न पचलेले दाणे पडत. हे वाचून आमच्या एका कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, "आमच्या कोंबड्या हेच करतात की!" खरेच आहे. म्हशीला अख्खा दाणा घातला तर त्याचा बराच भाग कोंबडीच्या वाट्याला जातो. भरडणे म्हणून आवश्यक, पण जाडसर. पिठासारखे नको.

पण आमच्या डोंगराला खरी गरज दाण्याची नाहीच. दाणा महाग आहे, आणि कोंबडीखाद्यवाले व आता इथेनॉलवाले तो आणखी महाग करत आहेत. गरज आहे ती हिरव्या ताटाची. इथे मका खरा उपयोगी पडतो, आणि या बाबतीत कोल्हापूरकरांना दूर जायला नको. आपल्या कसबा बावड्यातच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मक्याच्या संशोधनाचे काम चालते. पंचगंगा, करवीर, राजर्षी ही मक्याच्या वाणांची नावेच सांगतात की ते कुठले. वैरणीसाठी मात्र 'आफ्रिकन टॉल' हा वाण सर्वत्र लावतात. उंच वाढतो, पाने रुंद, ताट रसाळ. एकरी तीस किलो बी, दोन ओळींत एक फूट अंतर. साठ-सत्तर दिवसांत तुरा-निसवण्याच्या वेळी कापला तर चांगल्या जमिनीत एकरी वीस टन हिरवी वैरण मिळते. डोंगरउतारावर त्याच्या निम्मे धरा.

ज्वारीपेक्षा मक्याचा एक मोठा गुण आहे. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत विषारी घटक असतो. असे कोंब खाल्लेले जनावर धापा टाकत अर्ध्या-एक तासातही दगावते. मक्यात ती भीती नाही. आणि उसाच्या वाड्यापेक्षा तर तो कितीतरी सरस. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की पाच महिने गोठ्यात वाडेच वाडे. फुकट किंवा फुकटासारखे मिळते, मोळी आणून टाकली की झाले. पण वाड्यात प्रथिने अगदी थोडी, आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य बरेच. ते जनावराच्या पोटातला चुना बांधून टाकते. जनावर खाते, पोट भरते, आणि अंगातले कॅल्शियम मात्र कमी होत जाते. म्हैस व्याल्यावर बसते, माजावर वेळेवर येत नाही, रेडकू हाडांनी कच्चे राहते. वाडे बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला असा उपदेश करणे सोपे असते. अर्धे वाडे, अर्धी दुसरी वैरण, आणि खनिज मिश्रण रोज, एवढे तरी जमवावे.

मक्यातही उणीव आहे. ताकद आहे, प्रथिने कमी. म्हणून मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ टाकावी आणि दोन्ही एकत्र कापावे. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावले तर उन्हाळ्यातही पाला मिळतो. सुबाभळीचा पाला एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, केस गळतात. हे झाले वैरणीचे. आणि जमिनीचे? मका अधाशी पीक आहे, जमिनीतून भरभरून घेतो. वैरण कापून नेली आणि शेण परत आले नाही तर तिसऱ्या वर्षी ताट गुडघ्याएवढे राहते. एक मोठी म्हैस दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण देते. दोन-तीन म्हशी असल्या तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो, घरातला धूर जातो, आणि त्यातून निघालेली मळी मक्याला जाते. पीक, जनावर, चूल आणि पुन्हा पीक. वाड्यावरच्या आज्जांना हे शिकवायला गेलो तर ते म्हणाले, "आमी तर आधीपास्नं शेनच घालतोय की, तुमी काय नवं सांगताय?" त्यांचे बरोबर होते. नवीन फक्त मका.

धनगर गवळी समाजाबद्दल एक खुलासा करतो, कारण वाचक विचारतात. सरकारी यादीत हे बांधव अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. आपली पत्रिका आदिवासी कल्याणाची, तरी रस्ता, दवाखाना, शाळा यांच्या बाबतीत त्यांचे दुःख तेच आहे, म्हणून त्यांच्यातले काम आपण वेगळे मोजत नाही.

आता डोंगरातली अडचण. पावसाळ्यात गवत उदंड, पण पाऊस असा की मक्याचे मूळ पाण्यात कुजते. मार्चपासून जूनपर्यंत गवत वाळून गेलेले. म्हणजे वैरण लागते तेव्हा मका उभा नसतो. उपाय जुना आहे: मुरघास. भात निघाल्यावर जिथे ओढ्याचे पाणी आहे तिथे कार्तिकात मका पेरायचा, आणि कणसातला दाणा दुधातून पिठाळ होऊ लागला की कापायचा. थंडीमुळे तिथवर यायला शंभर दिवसही लागतात. कडबाकुट्टीवर बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, खड्ड्यात थराथराने भरून तुडवून तुडवून हवा काढायची, वरून प्लास्टिकचा कागद, त्यावर माती. दीड महिन्यात घास मुरतो. यात आंबवण्याची तीच क्रिया, तेच लॅक्टिक आम्ल, पण इथे ते पोटाबाहेर, आपल्या कामाला लावलेले. आम्लामुळे वैरण कुजत नाही. मक्यात साखर पुरेशी असते, म्हणून गूळ-मळी काही घालावे लागत नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा, वासाला आंबटगोड. काळा पडला, घाण वास आला, तर उकिरड्यावर.

यातही आम्ही एकदा आपटलो. पहिल्या वर्षी दोन म्हशींच्या एका घरासाठी दहा फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल खड्डा काढला. दोनशे घनफूट. त्यात तीन टन मुरघास बसला. दोन म्हशींना रोज तीस किलो, म्हणजे शंभर दिवसांची निश्चिंती, असा हिशेब आम्ही मोठ्या अभिमानाने फळ्यावर मांडला. पण मुरघास एकदा उघडला की त्याला हवा लागते. तोंडाकडून रोज किमान चार बोटे आत सरकले नाही तर उघडा भाग खराब होतो. त्या खड्ड्यात चार बोटे म्हणजे शंभर किलोंच्या आसपास, आणि म्हशी खात होत्या तीस. खड्डा भरताना केलेली सगळी मेहनत पंधरा दिवसांत बुरशीने खाल्ली. फळ्यावरचा हिशेब बरोबर होता, पण बुरशी त्यात धरलीच नव्हती.

तेव्हापासून सात-आठ म्हशी असतील तरच खड्डा, तोही तीन-चार घरांनी मिळून. एकट्या घरासाठी पन्नास किलोंच्या जाड प्लास्टिक पिशव्या. एक पिशवी उघडली की दोन म्हशी दोन दिवसांत संपवतात, हवा लागायला वेळच नाही. पिशव्यांचा वैरी उंदीर. एक भोक पडले की ती पिशवी गेली. मांजर पाळावे आणि पिशव्या फळीवर ठेवाव्यात, याहून मोठा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

बुरशीवरून आठवले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल या भागांत, आदिवासी गावांतून कावीळीसारखा आजार पसरला. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला होता. दुसरे खायला नव्हते. शंभरावर माणसे मेली. घरातली कुत्रीही मेली. तपासात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. आपल्याकडे गगनबावडा-राधानगरीच्या पावसात मका नीट वाळला नाही तर तीच बुरशी धरते. पुष्कळदा लोक म्हणतात, "मानसानं खायाजोगा न्हाई, म्हशीला घाला." म्हशीच्या यकृतालाही ते विष बाधते आणि दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. ते दूध पोरे पितात. म्हणून मदत म्हणून मका पाठवताना पोते उघडून, हात आत घालून, हुंगून बघितल्याशिवाय आता आम्ही गाडीत चढवत नाही. एकदा देणगीत आलेली पोती खड्ड्यात पुरली. देणाऱ्यांना वाईट वाटले, पण इलाज नव्हता.

फवारणीचेही तसेच. २०१८ पासून आपल्या देशात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली आहे. पोंग्यात शिरून पान चाळणीसारखे करते. दुकानदार देईल ते औषध मारून आठवड्यात तीच वैरण म्हशीपुढे टाकणारे मी पाहिले आहेत. थोड्या जागेतला वैरणीचा मका असेल तर सकाळी हाताने अळ्या वेचाव्यात, पोंग्यात चिमूट-चिमूट राख किंवा बारीक माती टाकावी. फवारलेच तर डब्यावर लिहिलेले दिवस मोजावेत. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावे.

आणि गवा. राधानगरीचे अभयारण्य १९५८ पासूनचे, गव्यांसाठी प्रसिद्ध. गवा राखला जातो हे चांगलेच आहे. पण हिरवा मका त्यालाही आवडतो, आणि दहा गुंठ्यांचा मका त्याच्या कळपाला एका रात्रीचा. वनखाते नुकसानीची भरपाई देते. त्यासाठी लगेच कळवणे, पंचनामा, सातबारा हे सारे लागते, आणि वाड्यावर अनेकांच्या नावावर सातबाराच नाही. मग भरपाई कोणाला? या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. दोन वस्त्यांवर आम्ही मका घराला लागून, कुत्र्यांच्या आणि उजेडाच्या टप्प्यात लावायला सांगितले. जागा थोडी, पण हाती तरी लागतो.

मावशींबद्दल अनेकांनी विचारले होते. म्हैस गेली त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्यापैकी काहींनी नाव न छापण्याच्या अटीवर पैसे दिले आणि एक पारडी घेतली. म्हैसच घ्या म्हणून आम्ही आग्रह केला, पण मावशी म्हणाल्या, पारडीच द्या, तिला माझ्या हातची सवय लागू दे. ती वाढली, गाभण राहिली, गेल्या वर्षी व्याली. पहिला मुरघास पुढे टाकला तेव्हा तिने दोन दिवस तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी पिंजरात मिसळून दिला तर पिंजर बाजूला सारून तोच खाऊ लागली. मावशी भरड्याला अजून हात लावत नाहीत. आम्हीही आग्रह करत नाही. त्यांच्या परड्यात सहा गुंठे मका आणि मध्ये चवळी आहे, बांधावर पाच शेवऱ्या आहेत, आणि या माघात त्यांनी आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून चौतीस पिशव्या भरल्या. त्यातल्या तीन उंदरांनी फोडल्या. कडबाकुट्टी मात्र अजून खालच्या गावातून भाड्याने आणावी लागते आणि चढावर ती चौघांना उचलावी लागते. हाताने चालणारे, दोघांना नेता येईल असे एखादे यंत्र कोणाच्या गोठ्यात पडून असेल तर कार्यालयात कळवावे.